आधी आल्कलिनिटी बघा!

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'घरच्या स्विमिंग पूलच्या पाण्याचं रसायनशास्त्र'. हे वाचूनही एवढी मंडळी जमलीत, म्हणजे निम्म्यांचा पूल आत्ता हिरवा असणार. मागच्या रांगेतले जास्तच हसतायत.

मला वकिली करायची आहे ती आल्कलिनिटीची, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या ताकदीची. तिच्यावर फार अन्याय झालाय. २०१६ चं रिओ ऑलिंपिक आठवा. मारिया लेंक संकुलातला डायव्हिंगचा पूल ९ ऑगस्टला बघता बघता हिरवा झाला. शेजारचा अजून निळा, त्यामुळे टीव्हीवर तर अब्रूच गेली. आयोजकांनी दिलेल्या कारणांपैकी एक होतं, आल्कलिनिटी घटली! बिचारीचं नाव एरवी कुठे छापून येत नाही. आलं ते थेट आरोपी म्हणून. मग कळलं की काही रसायनं संपली होती. शेवटी खरा प्रकार बाहेर आला. ५ ऑगस्टला, उद्घाटनाच्याच दिवशी, कंत्राटदाराने १६० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून ठेवलं होतं. पेरॉक्साइड आणि क्लोरीन एकमेकांना संपवतात. क्लोरीन गेला, शेवाळाला रान मोकळं. शेजारचाही नंतर हिरवा झाला. त्यात सिंक्रोनाइज्ड स्विमिंग व्हायचं होतं, तिथे पोरींना पाण्याखाली एकमेकींना बघावं लागतं. म्हणून तो रातोरात उपसून सरावाच्या पूलचं पाणी भरलं.

आता हसण्याआधी आपल्या फार्महाउसवर या. पाणी गढूळ? टाक तुरटी. हिरवं? टाक मोरचूद. डोळे चुरचुरले? "साहेब, क्लोरीन जास्त झालाय." अहो, ती चुरचुर आणि पूलचा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडल्याचा असतो! घाम आणि, माफ करा, मुलांची लघवी यांच्याशी अपुरा क्लोरीन भिडतो, त्यातून क्लोरामाइन होतात. ते डोळ्यांना झोंबतात. मोरचुदाचं तांबं पांढऱ्या केसांना हिरवट करतं. आमच्या परिचयातल्या एका आजोबांना सुनेने आठवडाभर पूलमध्ये पाठवलं नव्हतं, लग्न होतं घरात. आणि तुरटी? एक ग्रॅम तुरटी साधारण अर्धा ग्रॅम आल्कलिनिटी खाते. म्हणजे पाणी दिसायला नितळ आणि आतून दुबळं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे खरं व्याख्यान आता सुरू.

आल्कलिनिटी म्हणजे एकत्र कुटुंबातली थोरली काकू: कुणी ॲसिड ओतो, कुणी सोडा, ती बरंचसं पोटात घालते आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, हलू देत नाही. हे काम मुख्यतः बायकार्बोनेट करतं. ८० ते १२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) हवी. त्याखाली गेली की पीएच दिवसभर उड्या मारतो, आणि पीएच ८ झाला की असलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव हिस्साच जोमात काम करतो. म्हणून आधी ती, मग पीएच ७.२ ते ७.६, मग क्लोरीन. लोक नेमकं उलटं करतात.

आल्कलिनिटी कमी असेल तर खायचा सोडा. ५०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला साधारण ८५० ग्रॅम. धुण्याचा सोडा नको, त्याने पीएच झपाट्याने चढतो. कोकणात जांभ्यातलं विहिरीचं पाणी मऊ, वर पाऊस. तिथे ही घटच जास्त. टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या, गोळ्याही आम्लधर्मी, त्याही हळूहळू खातात.

घाटावर बोअरचं पाणी उलट. बायकार्बोनेट भरपूर, कार्बन डायऑक्साइड उडत राहतो, पीएच आपोआप चढतो आणि फरशांवर पांढरा थर धरतो. तिथे ॲसिड थोडं थोडं घालून पीएच ७.२ पर्यंत उतरवा, मग कारंजं सोडा. हवेने पीएच वर येतो, आल्कलिनिटी खालीच राहते. पुन्हा ॲसिड, पुन्हा कारंजं. दोन-चार दिवस जातात, घाई करू नका.

ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एका बादलीत कधीही नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. उरलेले प्रश्न चहाच्या वेळी. बाटलीत पाणी आणलंय त्यांनी आधी यावं, किट माझ्या पिशवीत आहे.