आंबोलीएवढा दाब

नमस्कार श्रोतेहो.

वैशाख लागला की किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. घागर भरते, पण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहा तोंडात धरवत नाही. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात वाडीवर टँकरची वाट बघायची वेळ येते. मग समोरचा समुद्र बघून दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, हेच पाणी गोडं का करत नाहीत?

करता येतं. अडतं ते विजेपाशी.

समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मागे ठेवून पाणी तेवढं बारीक पडद्यातून पार करायचं, तर हवेच्या दाबाच्या ५५ ते ७० पट दाब लागतो. आंबोलीच्या माथ्यापासून थेट वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत पाण्याने भरलेला पाइप सोडला, तर त्याच्या तळाशी जेवढा दाब येईल, जवळजवळ तेवढा! पंप हा दाब रात्रंदिवस देत असतो. बिल येतं ते मुख्यतः त्याचं.

शंभर लिटर आत गेले, तर गोडे होऊन निघतात चाळीस-पंचेचाळीस. बाकीचं आणखी खारट झालेलं पाणी बाहेर पडतं, पण त्याच्यातला दाब बहुतेक तसाच शिल्लक असतो. पूर्वी तो वाया जायचा. आता तिथे सिरॅमिकचं एक फिरतं दंडगोल बसवतात, त्याला आरपार लांब भोकं असतात. खारट पाणी एका टोकाने आत शिरून त्याच भोकातल्या ताज्या समुद्रपाण्याला रेटतं आणि आपला दाब त्याला देऊन टाकतं. आपल्या रहाटावर उतरणारे लोटे चढणाऱ्यांना हात देतात ना, तसंच. नव्वद टक्क्यांहून जास्त दाब असा परत मिळतो. १९७० च्या दशकात हजार लिटरला १० युनिटांहून अधिक वीज लागे. आज चांगल्या प्रकल्पांत ३ ते ४ लागते. आत घेतलेल्या समुद्रपाण्यातलं निम्मं गोडं करून काढायचं तर निसर्गनियमानेच हजार लिटरला साधारण १ युनिट लागणार, त्याखाली कोणतंही यंत्र जाणार नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, छोट्या वाडीने आधी समुद्राकडे नाही, आपल्या मचूळ विहिरीकडे बघावं. मीठ कमी तेवढा दाब कमी. लिटरला ३-४ ग्रॅम मीठ असलेलं पाणी हजार लिटरला साधारण एका युनिटात गोडं होतं. सौर पॅनलवर दुपारी पंप चालवावा आणि गोडं पाणी टाकीत साठवावं. बॅटरीचा खर्च वाचतो. उपसा मात्र बेताने हवा. जास्त ओढलं तर समुद्रच विहिरीत येतो.

ग्रामसभेत असा प्रस्ताव आला, तर एवढं नक्की विचारा: मे महिन्यात या पाण्यात लिटरला मीठ किती, हजार लिटरला युनिटं किती, आणि उरलेलं खारट पाणी कुठे सोडणार? ज्या खाडीत आमच्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचतात, तिथे तर नाही ना?