ब्रेस्ट रिडक्शन: यादीतलं शेवटचं ऑपरेशन

(दृश्य: एका बाईचा उघडा खांदा, अगदी जवळून)

ब्राच्या पट्ट्यानं पडलेली ही खाच. रात्री पट्टा काढला तरी ती भरून येत नाही. मान आखडलेली, पाठ धरलेली, हातांना मुंग्या. स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटते, तिथं बुरशीचा संसर्ग होतो. डॉक्टर मलम देतात, वेदनाशामक गोळ्या देतात, फिजिओथेरपीला पाठवतात. थोडे दिवस बरं वाटतं आणि बाई पुन्हा दवाखान्यात येते. येणारच, जड स्तनांचं ओझं कुठे उतरलंय?

ते उतरवायचं ऑपरेशन म्हणजे ब्रेस्ट रिडक्शन, स्तनांचा आकार कमी करणं. काम दोन-तीन तासांचं. त्याआधी सर्जन बाईला उभं करून मार्करनं छातीवर रेषा आखून घेतात, कारण टेबलावर आडवं झालं की स्तनांचा आकार बदलतो. स्तनाग्राचा रक्तपुरवठा राखून भोवतालचा भाग काढतात आणि डावीकडचा किती, उजवीकडचा किती, हे थिएटरमध्येच काट्यावर तोलतात.

आता प्रश्न पैशांचा. सरकारी तिजोरीतून हे करायचं का?

ऑस्ट्रेलियाच्या सरकारी इस्पितळांत ठरवून करायच्या शस्त्रक्रियांचे तातडीनुसार तीन गट असतात. हिचा नंबर सहसा तिसऱ्यात, म्हणजे 365 दिवसांच्या आत व्हावी अशा शस्त्रक्रियांमध्ये. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनं तर अटीच घातल्या: बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 27 च्या खाली आणि वर्षभर स्थिर हवा, प्रत्येक बाजूनं किमान 500 ग्रॅम तरी निघायला हवेत, नाहीतर ब्राच्या मापात चार कप तरी कमी व्हायला हवेत. दुखतंय किती, हे ग्रॅममध्ये कसं कळणार, कोण जाणे!

ॲडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांनी वेगळं मोजलं. त्रास असूनही ऑपरेशन न झालेल्या बायका एका बाजूला, झालेल्या दुसऱ्या बाजूला. दोघींवरचा खर्च आणि दोघींची तब्येत, दोन्ही ताडून पाहिलं. त्यांचा अभ्यास 2022 मध्ये ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आला.

त्यांचं माप होतं क्वाली. ठणठणीत तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. निम्म्या तब्येतीनं काढलेली दोन वर्षंही एकच क्वाली. दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा या ऑपरेशननं मिळणारी एक क्वाली पडली सुमारे 8,000 ऑस्ट्रेलियन डॉलरला. तिथं 50,000 डॉलरपर्यंतची क्वाली परवडणारी समजतात. म्हणजे हे ऑपरेशन महाग तर नाहीच, उलट चांगलंच स्वस्त आहे. आणि ज्यांना ‘हौस म्हणून’ यादीत मागं ढकललं जातं, त्या बायकांची तब्येत ऑपरेशनआधी चारचौघींपेक्षा खालावलेली होती. नंतर ती सर्वसाधारण बायकांच्या पातळीवर आली. याच गटाच्या कामात जास्त बीएमआयच्या बायकांनाही फायदा झालेला दिसतो. मग 27 ची रेघ नेमकी कशासाठी?

वजन आधी उतरवा, असा सल्ला बायकांना हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही, जाड बायकांत जखम भरायला वेळ लागण्याचा धोका खरोखरच जास्त असतो. पण पळायला गेलं की छाती दुखते, पोहायला जायची लाज वाटते, मग वजन उतरवायचं तरी कसं?

आणि 8,000 च्या आकड्यात धरलाय तो फक्त आरोग्यसेवेचा खर्च. पाठ धरली म्हणून बुडालेला रोज, सोडावं लागलेलं उभ्याचं काम, मापाची ब्रा मिळत नाही म्हणून मोजलेले जादा पैसे, यातलं काहीच त्या बेरजेत नाही.