परड्यातला गाळ

नमस्कार मंडळी, कसं काय, बरं आहे न्हवं? आज बोलायचंय गाळाबद्दल. होय, तोच गाळ, पूर ओसरला की आपण खोऱ्यानं ओढून ओढून घराबाहेर काढतो तो. पंचगंगा पात्राबाहेर पडली की अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याचे फूट मोजत बसतं, 39 ला इशारा, 43 ला धोका, पाहुण्यांचे फोन सुरू, "किती झालं रे?" पण त्या पाण्यातनं आलंय काय, हे कुणीच विचारत नाही.

आधी एवढंच लक्षात ठेवा. पाणी जोरात असलं की माती उचलतं, पाणी दमलं की माती ठेवतं. परत सांगतो, जोरात असलं की उचलतं, दमलं की ठेवतं. बाकी सगळं यातनंच निघतं.

आता माझ्या आत्तीची गोष्ट. आत्ती चिखलीला असते, प्रयाग संगमाजवळ, जिथं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी एकत्र होऊन पंचगंगा पुढं निघते. 2019 च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा म्हशी आधी बाहेर काढल्या आणि मग आत्ती निघाली, तीसुद्धा आम्ही हाताला धरून ओढली म्हणून. पाणी उतरल्यावर मी, आतेभाऊ आणि त्याचा पोरगा खोरी, घमेली, खराटे घेऊन गेलो. वास असला की नाकाला रुमाल बांधूनसुद्धा पोटात ढवळत होतं. सोप्यात घोट्याएवढा चिखल, मिक्सरच्या भांड्यात चिखल, देवाच्या फोटोच्या काचेमागं चिखल, मागची मातीची भिंत बसलेली, आणि शेतातला ऊस शेंड्यापर्यंत बुडून कुजलेला. आत्ती उंबऱ्यावर बसली, एक शब्द बोलली नाही.

आम्ही सोपा काढला, ट्रॉली भरली, आणि पोरगा परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, जाऊन तिथलाही गाळ भरायला लागला. तशी आत्ती उठली. "आरं थांब! घरातला टाक लांब, त्यात डिझेल हाय, गटार हाय, काय काय मेल्यालं हाय. परड्यातल्याला हात लावू नगंस."

मला वाटलं, धक्का बसलाय म्हातारीला. तिनं मला मनगटाला धरून बोळाच्या तोंडाशी नेलं. तिथला चिमूटभर गाळ माझ्या तळव्यावर ठेवला, म्हणाली चोळ. रवाळ, खरखरीत, लाडवाच्या रव्यागत. मग गोठ्याच्या कोपऱ्यावर, तिथला जरा मऊ, पिठागत, बोटाला लागतोय पण चिकटत नाही. मग परड्यात, मागच्या गडग्याच्या आडोशाला. तिथला चोळला तर लोणी! बोटाच्या रेघांत जाऊन बसला, धुतला तरी निघेना.

"बोळातनं पानी धावत आलं," आत्ती म्हणाली, "तितं जड पडलं. गोठ्याजवळ वळलं, तितं मधलं पडलं. हितं येऊन आठ दिस उभं ऱ्हायलं, हितं बारीक बसलं. चाळून ठिवलंय बग पान्यानं."

मंडळी, चाळून ठेवलंय. भूगोलाच्या पुस्तकात मी वाळू, पोयटा, चिकणमाती पाठ केलेली, पेपरात लिहून मार्कही घेतलेले, पण पन्नास पावलांत तिन्ही ओळीनं पडलेल्या मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसल्या. आत्ती शाळेत गेली चौथीपर्यंत. मला विचाराल तर मातीचा धडा वर्गात शिकवूच नये, पोरांना नदीकाठी न्यावं आणि हात घाण होऊ द्यावेत. घरोघरी अंगणात पेव्हर ब्लॉक घातल्यापासून पोरांच्या नखांत माती दिसायची बंद झालीय आणि आयांना त्याचंच कौतुक वाटतं, हे काय बरोबर नाही.

तर आत्तीनं काय केलं, बोळातली वाळू गोळा करून ठेवली भिंतीच्या कामाला. आडोशाचा बारीक गाळ बुट्टीभर आत नेला, शेण घालून मळला आणि चूल सारवली, ती तडकली नाही. आणि परड्यात उरलेला पसरून वाळवला, त्यावर शेणखत टाकलं आणि पुढं वांगी लावली. ती वांगी मी खाल्लीत म्हणून सांगतो, देठाशी काटेरी, आत बी कमी, शिजली की नुसतं बोट लावलं तरी मोडतात. नदीकाठच्या वांग्याचं नाव असतं ते उगाच नाही. फक्त भरल्या वांग्यात साखर घालू नका, हात जोडून सांगतो, अलीकडं लोक घालायला लागलेत, त्या वांग्याला स्वतःची गोडी असते की.

म्हणजे पूर आला ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही. आत्तीचा ऊस गेला, भिंत गेली, आणि 2021 च्या जुलैत पाणी 56 च्या वर गेलं तेव्हा परत सगळं तसंच. पण नदीकाठची मळीची रानं, ज्यांचा एकराचा भाव ऐकून आपण डोळे मोठे करतो, ती याच गाळाची आहेत, थरावर थर पडून पडून झालेली. नदीकाठी विहीर काढताना कधी वाकून बघा, वर काळी माती, खाली पोयटा, त्याखाली वाळू, मग गुळगुळीत गोटे. गोटे दिसले म्हणजे कधीतरी तिथनं पाणी धावत होतं. जोरात असलं की उचलतं, दमलं की ठेवतं.

आणि आपला जिल्हाच बघा की. पश्चिमेच्या गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, पूर्वेच्या शिरोळला 500-600, अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. दगड दोन्हीकडं तोच, काळा बेसाल्ट. पण पश्चिमेला पावसानं त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोखंड मागं राहिलं, म्हणून तिकडं तांबडी माती आणि जांभा. पूर्वेला धुवायला पाऊसच नाही, चुना मातीतच राहिला, म्हणून काळी, चिकट, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. त्या काळ्या रानाला उसासाठी पाणी पाज पाज पाजलं, निचरा केला नाही, आणि शिरोळकडं रानंच्या रानं क्षारपड झाली, वर पांढरं मीठ फुटलं.

पाण्याला दमायला जागा लागते हो. पूररेषेच्या आत मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडायचे आणि मग पाणी पेठेत शिरलं म्हणून ओरडायचं, याचा मला मनापासून राग येतो. आपल्याच गावाच्या नावाचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. पावसाळ्याच्या तोंडाला त्यातले बरगे, म्हणजे फळ्या, काढायचे, नदीला मोकळं सोडायचं, गाळ पाण्याबरोबर जातो पुढं, पाऊस संपला की बरगे परत घालायचे. साध्या फळ्या, पण काढायच्या कधी हे कळणारा माणूस लागतो.

जाता जाता एक काम देतो. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, त्यात दोन मुठी तुमच्या रानातली नाहीतर कुंडीतली माती टाका, गळ्यापर्यंत पाणी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि खिडकीत ठेवा. चहा उकळेपर्यंत वाळू खाली बसलेली असेल. त्यावर पोयटा बसायला काही तास लागतात. वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसेल, ती चिकणमाती, तिला सवडीनं बसू द्या. घरात लहान पोरं असतील तर त्यांना बरणीवर पेननं थरांच्या खुणा करू द्या. फक्त बरणी हलवू नका. नमस्कार.