टि पंच: मार्टिनिकचा छोटा ग्लास

कॅरिबियन समुद्रातलं मार्टिनिक हे फ्रेंच बेट. जेवणाआधी इथे टेबलावर रमची बाटली, साखरेचा पाक आणि हिरवी लिंबं येतात. या तिघांचं छोटं पेय म्हणजे टि पंच, ज्याचा त्याने बनवायचा.

सगळी मदार रमवर. आपल्याकडची नेहमीची रम मळीपासून होते, ही ताज्या उसाच्या रसापासून. म्हणून तिला ओल्या, हिरव्या उसाचा वास असतो. १९९६ पासून मार्टिनिकच्या या रमला फ्रान्सचं एओसी मानांकन आहे, म्हणजे ठराविक प्रदेशात, ठराविक पद्धतीने बनल्याची अधिकृत खूण. बाटलीवर ‘रम आग्रिकोल ब्लाँ’ (उसाच्या रसाची पांढरी रम) लिहिलेलं बघा, ५० किंवा ५५ टक्के अल्कोहोलची. काळी रम घातली तर पेय वाईट होतं असं नाही, पण टि पंच होत नाही.

पाकासाठी २०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. मंद आचेवर साखर विरघळली की लगेच उतरवा. आटवत बसलात तर गार झाल्यावर खडे धरतो. मार्टिनिकमध्ये उसाचा रस आटवून केलेला काळसर पाकही वापरतात, म्हणजे जवळजवळ आपली काकवीच. ती चालते, पण अर्धाच चमचा घ्या. जास्त झाली की गुळाचा वास रमवर चढतो.

आता लिंबू. फोड नको, चकतीही नको. बाजूने, साल आणि थोडा गर येईल असा रुपयाएवढा काप काढा. इथे रसापेक्षा सालीतलं तेल महत्त्वाचं. अख्खं लिंबू पिळलं तर आंबटपणात रम हरवते. काप फार चुरडला तर पांढऱ्या सालीचा कडवटपणा उतरतो.

जाड बुडाच्या लहान ग्लासात एक चमचा, म्हणजे ५ मिली पाक. त्यावर काप हलकेच दाबून आत टाका, ढवळा. मग ५० मिली रम. हा क्रम मोडू नका, विशेषतः पाकाऐवजी कोरडी साखर घेतलीत तर: कडक रममध्ये ती विरघळत नाही, तळाशी बसते. आधी लिंबाच्या रसात विरघळू द्या.

घुसळायला तिथे ‘ब्वा लेले’ ही टोकाला फाटे असलेली काडी, दोन तळव्यांत रवीसारखी फिरवतात. घरी लांब चमचा पुरतो.

बर्फ? जुने लोक घालत नाहीत. उकाड्यात एखादा खडा घातला तर बिघडत नाही, पण चुरा नको, पाणचट होतं. शेजारी गार पाणी ठेवा. ५० टक्क्यांच्या ५० मिलीमध्ये आपल्या साध्या रमच्या जवळजवळ दोन स्मॉल पेगांइतका अल्कोहोल असतो. ग्लास लहान दिसतो म्हणून दुसरा लगेच भरू नका.