आवाज ऐकू येतो, पण कुणाचा?

नमस्कार इंदूरकर मंडळी. सून घुम्यासारखी बसते, हाकेला ओ देत नाही, मग म्हणते, कानात कुणीतरी बोलतंय. घरात लगेच दोन तट: बाहेरची बाधा, नाहीतर स्किझोफ्रेनिया. आपल्या रामबागेत पोहे-जिलबीच्या प्लेटवरच निदान होतं, आणि पोह्यांवर जिरावण मात्र हल्ली कुणी धड घालत नाही!

तिसरी शक्यता ऐका. अपघात, मारहाण, लहानपणचा अत्याचार यांनी मन त्या आठवणीपासून तुटतं. डॉक्टर याला डिसोसिएशन म्हणतात. तुटलेला तुकडा कधी आवाज होऊन बोलतो.

पॅरिस, 1890 ची अखेर. साल्पेत्रिएर रुग्णालयात 33 वर्षांचा एक व्यापारी आणला. नोंदीतलं नाव आशील. कामासाठी गावाला गेला, परतला तो अबोल होऊन; पुढे म्हणू लागला, सैतान अंगात शिरलाय. त्याच्याच तोंडून सैतान शिव्या घाली. तिथले मानसतज्ज्ञ पिएर जाने यांनी वाद घातला नाही. आशीलचं लक्ष दुसरीकडे असताना हातात पेन्सिल दिली, मागून हळूच विचारलं, "तू कोण?" हातानं लिहिलं, "सैतान." जाने म्हणाले, "एवढा बलवान आहेस, तर याला याच खुर्चीत झोपवून दाखव!" सैतान ईर्ष्येला पेटला आणि आशील झोपला की हो! त्या संमोहनात खरं बाहेर आलं: प्रवासात बायकोशी प्रतारणा झाली होती, ते पाप मनाला खात होतं. बायकोनं माफ केल्याचं दृश्य जानेंनी त्याच्या मनात उभं केलं. सैतान गेला.

घरी हा प्रयोग नको. सूचनेनं खोट्या आठवणीही रुजतात.

डॉक्टरांकडे तीन गोष्टी तारखेसह लिहून न्या: आवाज कशानंतर येतो, मधला वेळ आठवतो का, हाक मारल्यावर भान येतं का. पुन्हा सांगतो: कशानंतर, आठवतं का, भान येतं का. डिसोसिएशन मोजणारी 28 प्रश्नांची एक चाचणी असते. 100 पैकी सरासरी 30 च्या वर गुण म्हणजे सविस्तर मुलाखत, निदान नव्हे. आघाताकडे कुणी पाहिलंच नाही, तर नुसते गोळ्यांचे डोस वाढतात आणि माणूस आणखी बधिर होतो. उलटही घडतं: स्किझोफ्रेनिया आणि डिसोसिएशन कधी एकत्र असतात, आणि घरचे गोळ्या परस्पर बंद करतात. ते करू नका. फिट्स आणि दारू सुटतानाचे भासही आधी तपासायला हवेत.

भान सुटलं तर डोळे उघडे, तळपाय फरशीवर. तारीख, जागा, समोरच्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायला लावा. डोळे मिटायला सांगू नका. आवाज जीव द्यायला सांगत असेल, तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी इस्पितळ गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फोन 14416. पुन्हा, 14416.