शाळा की शाया

(फळा. त्यावर खडूनं काढलेलं एकच अक्षर: ळ. पाठीमागे पोरांचा गलका.)

पांझरेच्या काठचं एक गाव. जिल्हा परिषदेची शाळा, पहिलीचा वर्ग. बाई फळ्याकडे बोट करून म्हणतात, "शाळा." वर्ग एका सुरात म्हणतो, "शाया." बाई पुन्हा सांगतात, दमानं, जीभ वळवून. पोरंही दमानं म्हणतात, "शाऽऽया."

बाईंना हसू येतं. नोकरीला नव्या होत्या तेव्हा राग यायचा, असं त्याच सांगतात.

ही पोरं घरी अहिराणी बोलतात, धुळे-जळगावकडची, खान्देशातली बोली. अहिराणी घरात ळ फारसा फिरकत नाही. पुस्तकात ळ असेल तिथं तोंडात य येतो. डोळा तो डोया, पोळी ती पोयी, गूळ तो गूय. जळगाव आमचं जयगाव आणि धुळे धुये. एसटीच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, स्टँडवर हाक ऐकू येते ती "धुये, धुये" अशीच. लाखो माणसं इतक्या शिस्तीनं जी गोष्ट पाळतात, तिला उच्चारदोष म्हणायला माझं मन होत नाही.

(एका वहीचं पान, जवळून.)

वर्गातल्या एका मुलीची ही वही बाईंनी जपून ठेवलीय. पंधरा दिवस घोकून या मुलीला एवढं उमगलं होतं, की आपण शाया म्हणतो तिथं शाळा लिहायचं, केयं म्हणतो तिथं केळं. मग एक दिवस तिनं आपल्या मनानं दोन वाक्यं लिहिली. "गाळ दूध देते." त्याखाली, "माळ भाकरी करते."

गाय झाली गाळ आणि माय झाली माळ. घरचा य म्हणजे शाळेतला ळ, असा नियम सहा वर्षांच्या पोरीनं स्वतः बांधला आणि जरा लांबवर ताणला. बाईंनी लाल पेन बाजूला ठेवून विचारलं, "घरी गायीला काय म्हणता?"

"गाय."

"आणि पुण्याचा पाहुणा आला तर?"

मुलीनं विचार केला. "तो बी गायच म्हनस."

मग दोघींनी मिळून दोन याद्या केल्या. पाहुण्याच्या तोंडी जे बदलतात ते शब्द एकीकडे, जे तसेच राहतात ते दुसरीकडे. व्याकरणाचा तास म्हणतात तो हाच. फक्त तो पहिलीत झाला आणि जमिनीवर बसून झाला.

(शाळेची घंटा. पोरं पळत बाहेर.)

ळ-य ही तर वरवरची गोष्ट. मराठीत मुलगा जातो आणि मुलगी जाते. अहिराणीत दोघंही "मी जास" म्हणतात. रामचं घर म्हणजे रामनं घर. घरात म्हणजे घरमा, त्याला म्हणजे त्याले. हे ‘ना’ आणि ‘मा’ कुणाही गुजराती माणसाला ओळखीचे वाटतील. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खान्देशीला (अहिराणी तिच्यातलीच) मराठीच्या खंडात न घालता भिली भाषांबरोबर बसवलं, ते १९०७ साली. भाषा की बोली, हा वाद तेव्हापासून मंडपामंडपांत रंगतो. रंगू दे. पहिलीतल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याची अडचण त्याच्या आजीनं एका वाक्यात सांगून टाकली:

"मास्तर काय बोलस, पोऱ्याले समजस नही."

२०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे अठरा लाखांहून जास्त भरले. खरा आकडा मोठाच असणार, कारण दारात आलेल्या माणसाला मातृभाषा ‘मराठी’ सांगणारी घरं इथं गल्लोगल्ली आहेत. आमचंही त्यातलंच. घरात बोलायचं एक आणि कागदावर लिहायचं दुसरं, याची सवय आम्हाला लहानपणापासून.

काही वर्षांपूर्वी पहिलीसाठी द्विभाषिक पाठ्यपुस्तक आलं. आम्ही आनंदानं उघडून पाहिलं. त्यातल्या दोन भाषा मराठी आणि इंग्रजी. म्हणजे या वर्गाच्या हिशेबानं दुसरी आणि तिसरी. पहिली घरीच राहिली.

(शनिवार, सकाळची शाळा. नऊवारी नेसलेली एक आजी वर्गात, खुर्चीवर अवघडून बसलेली.)

आजीला बोलवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "माले काय येस शिकाडाले?" आता ती कयन्यानी भाकर सांगतेय. ज्वारीत उडीद किती घालायचे, मीठ दळतानाच का टाकायचं, तव्यावर टाकलेल्या भाकरीला पाणी कसं फिरवायचं. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, झोके आले, सासरहून आलेल्या लेकी आल्या. श्रावणातली कानबाई आली, तिचे रोट आले. बाई फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर आजीचं वाक्य जसंच्या तसं लिहितात. उजव्या अर्ध्यावर तेच मराठीत, पोरांना विचारत विचारत. कालपर्यंत एकेक अक्षर चाचपडणारा एक मुलगा डावीकडची ओळ सरळ वाचून टाकतो. पुढचा शब्द काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं ना!

आजी फळ्याकडे बघत राहते. तिला वाचता येत नाही. पण आपण बोललेलं तिथं आहे, एवढं तिला कळलंय.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनाही अक्षरओळख नव्हती. त्या लेवा गणबोलीत, खान्देशातल्याच दुसऱ्या एका बोलीत, गात राहिल्या, घरच्यांनी उतरवून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुस्तक आलं त्यानंतर, १९५२ मध्ये. त्यांच्याही कवितेत डोळ्याचा डोया होतो. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आणि त्याच परिसरातल्या एखाद्या पोरानं निबंधात ‘डोया’ लिहिलं, तर त्याखाली लाल रेघ.

पण सगळेच बाईंच्या बाजूचे आहेत असं समजू नका. पालकसभेत एक बाप उठला. "अहिराणी तं त्याले येसच. शायामा कसाले?" पोराला इंग्रजी यावं म्हणून तो पोटाला चिमटा घेतो. त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. शहरात या बोलीवर हसलेलं त्यानं ऐकलंय, मीही ऐकलंय. बाईंनी त्याला मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं, राज्यघटनेचं कलम ३५०-क सांगितलं नाही, पाचवीपर्यंत शक्यतो घरच्या भाषेत शिकवा म्हणणारं २०२० चं शैक्षणिक धोरणही सांगितलं नाही. त्याच्या पोराला उभं केलं आणि फळ्याची उजवी बाजू वाचायला लावली. बाप खाली बसला. पटलं की नाही, ते बोलला नाही.

(जीप घाट चढतेय. सातपुडा.)

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे चढू लागलं की अहिराणीही मागे राहते. इथं पावरी, भिलोरी या आदिवासी बोली. तिकडे नवापूरला मावची. नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी, हाही २०११ चाच आकडा. खालच्या गावात बाईंना पोरांची बोली निदान कळते. इथं गुरुजीच परके. आमचे हे गुरुजी बीडचे. पहिले कित्येक महिने वर्गात एकटेच बोलायचे, असं ते हसत सांगतात.

या डोंगरात वाट आधीच पडलेली आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात येणाऱ्या गावांत नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा उभ्या राहिल्या. ‘लढाई-पढाई साथ-साथ’ ही त्यांची घोषणा. शिकवणारा गावाकडचाच तरुण, सुरुवात पोरांच्या बोलीत, मराठी पायरीपायरीनं.

गुरुजींकडे तसं काही तयार नव्हतं. त्यांनी शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात मराठी, दुसऱ्यात पावरी, तिसऱ्यात शब्द सांगणाऱ्या पोराचं नाव. तिसरा रकाना कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "उच्चार चुकला की कुणाकडे जायचं ते कळतं."

दिवाळी उलटली की वर्ग अर्धा होतो. आईबाप ऊसतोडीला निघतात, पोरंही गाडीत. काही घरं सुरतेला उधना, लिंबायतमध्ये कायमची वसली. तिथं महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. पोर घरात एक बोलतं, शाळेत दुसरं, रस्त्यावर गुजराती. द्विभाषिक हा शब्द त्याला तोकडा पडतो.

(पुन्हा धडगावचा वर्ग. दुपार. गुरुजी वही उघडून उभे.)

आज गुरुजींनी पावसाचा शब्द घेतलाय. ते म्हणतात, वर्ग खो खो हसतो. पुढच्या रांगेतली मुलगी उठते, फ्रॉकला हात पुसते, आणि तो शब्द सावकाश म्हणते. गुरुजी पुन्हा म्हणतात. थोडं कमी हसू.

तिसऱ्या वेळी कुणी हसत नाही. मुलगी मान हलवते आणि जागेवर जाऊन बसते. गुरुजी तिसऱ्या रकान्यात तिचं नाव लिहितात.