एका घरात दोन सार्टन

कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय ‘नेहमीच्या औषधांचे दुष्परिणाम’ असा छापलाय. त्यावर बोलतोच. पण आधी पाच मिनिटं कात्रीबद्दल बोलू द्या. अडतीस वर्षं मेडिकल चालवलं, आता दुकान मुलगा बघतो, तरी ती कात्री काही डोक्यातून जात नाही.

गिऱ्हाईक म्हणतं, ‘दहा नकोत, चारच द्या.’ पेन्शन एक तारखेला, आज सत्तावीस. आपण पट्टी कापतो. आता मुदत नि बॅच नंबर बहुतेक वेळा पट्टीच्या एकाच टोकाला दाबलेले असतात. ते टोक शहाणा केमिस्ट आपल्याकडे ठेवतो. म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकाला मुदत मिळते, बाकीच्यांना विश्वास. १ ऑगस्ट २०२३ पासून सरकारने ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. चांगलं केलं, मोबाइल धरला की गोळीची कुंडली निघते. आम्ही तोही कापतो, मधोमध.

हसताय, पण माझ्या आत्याचं ऐका. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काडी. तिच्या गोळ्या श्रीखंडाच्या डब्यात. मराठी घरात त्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. न्यूमोनियाने पाच दिवस दवाखान्यात होती. घरी येताना कागदावर नव्या गोळ्या लिहून मिळाल्या, त्या भाच्याने तिकडूनच आणल्या. आठवड्याभरात पहाटे मोरीकडे जाताना पडली. मग पुन्हा एकदा. सुनेने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या वहिनींनी लिंबूसरबत पाजलं. आणि मी, औषधाच्या धंद्यात केस पिकलेला माणूस, फोनवर काय म्हणालो? ‘आजारातून उठलीयस, अशक्तपणा असणार. बी-कॉम्प्लेक्स घे.’

गणपतीला गेलो तेव्हा वर्तमानपत्र अंथरून डबा उपडा केला. पट्टीचा एक तुकडा निघाला, त्यावर एवढंच वाचता येत होतं: ‘सार्टन ४’. दुसरी पट्टी दवाखान्याची, ब्रँड अगदी वेगळा. चष्मा कपाळावर सरकवून नाकाशी धरली तेव्हा खालची बारीक अक्षरं दिसली: टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५. पहिला तुकडा टेल्मिसार्टनचाच. ‘ही माझी जुनी बीपीची, ही दवाखान्याची नवी,’ असं म्हणून ती दोन्ही घेत होती. निजल्यावर वरचं बीपी १२८, उभी केली की ९४. आणि तो पहिला तुकडा तिरका कापलेला होता. तसा तिरका मीच कापतो.

डॉक्टरांनी जुनी गोळी बंद केली, पडणं थांबलं. आत्या मात्र आजही श्रेय दृष्ट काढण्यालाच देते.

म्हणून मी गोळ्यांची आडनावं शिकवत हिंडतो. ब्रँड म्हणजे टोपणनाव, घरोघरी निराळं. खरं नाव खाली बारीक अक्षरांत, आणि त्या नावाचं शेपूट म्हणजे आडनाव. सार्टन, प्रिल, डिपिन, लोल हे सगळे बीपीवाले. स्टॅटिन कोलेस्टेरॉलचा. एका घरात दोन सार्टन नांदत असतील, किंवा सार्टनच्या शेजारी प्रिल बिऱ्हाडाला आलेला असेल, तर चप्पल घाला आणि डॉक्टरांकडे जा. जाताना सगळा डबा न्या. ‘ती पांढरी गोळी’ असं सांगू नका, माझ्या दुकानात निम्म्या गोळ्या पांढऱ्याच होत्या.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, चहा गार होतोय म्हणतात. मग मूळ विषय पळतच घेतो.

डिपिनने घोट्याशी सूज येऊ शकते. आपल्याला वाटतं किडनी गेली. कोणीतरी लघवीची गोळी जोडतं, तिने सोडियम उतरतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, मग चकरेची गोळी. पहिल्या गोळीचा त्रास दुसरीने झाकायचा, दुसरीचा तिसरीने. त्यात गुडघ्यासाठी पेनकिलर आली की सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि पेनकिलर असं त्रिकूट जमतं. मे महिन्यात जुलाब लागलेल्या माणसाची किडनी त्या त्रिकुटाने बसू शकते. पॅरासिटामॉल त्या मानाने बरं, पण सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, ते मोजा.

एकादशी. मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन निर्जळी करू नका, साखर उतरून घाम फुटतो, शुद्ध जाते. उपासाला गोळीचं काय करायचं ते दशमीच्या आत विचारून घ्या. मधुमेहाचीच मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि तळव्यांना मुंग्या येत असतील तर सगळं साखरेवर ढकलू नका, बी-१२ तपासा. थायरॉइडची गोळी अनशापोटी, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम चार तासांनी.

मेथोट्रेक्सेट. हे जरा थांबून सांगतो. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस जाऊ शकतो. पट्टीवर पेनाने वार लिहा, ‘बुधवार’, आणि घरच्यांनाही सांगून ठेवा.

काही खुपलं म्हणून लोल किंवा स्टेंटनंतरची अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करायची नाही. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, आणि १८००-१८०-३०२४ वरही कळवा. हा नंबर सरकारच्या औषध दुष्परिणाम नोंदणीचा आहे, पैसे पडत नाहीत, आपल्यासारख्यांचीही तक्रार घेतात.

हो, उठतोच आहे. पहिल्या रांगेतून काका मघापासून काहीतरी पुढे करताहेत. द्या. ‘डिपिन ५’. आणि पुढचा तुकडा? घरी आहे? डब्यात?

कसला डबा ते विचारत नाही.